सगळ्यांना तो आवडतो, मग माझाच जीव का गुदमरतो?

प्रश्न, थोडक्यात: "माझं वय २९. मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात. अडीच वर्षांपासून एका मुलाशी माझे संबंध आहेत. माझ्या घरच्यांपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळे त्याच्यावर खूश आहेत. आम्ही दोघंच असलो की तो टोचून बोलतो, चार-चार दिवस अबोला धरतो, मग अचानक फुलं घेऊन दारात उभा राहतो. दोनदा मी सगळं तोडलं आणि दोन्ही वेळा मीच परत गेले. मैत्रीण म्हणते तो 'नार्सिसिस्ट' आहे. पुढच्या महिन्यात लग्नाची बैठक ठरली आहे. तो खरंच तसा आहे का? लग्नानंतर बदलेल का? आणि मला असलीच माणसं का आवडतात?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो विचारताना तुम्ही स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे आणि आधी तुम्हाला तिथून खाली उतरवायला हवं. गेली २१ वर्षं मी पुण्यात समुपदेशन करते. लग्न ठरलेली जोडपी येतात, लग्न मोडायला निघालेली येतात, कोणाला न सांगता एकटी आलेलीही असतात. हा प्रश्न ज्यांनी मला विचारला त्यांत शिक्षिका होत्या, सीए होत्या, एक बाई तर स्वतः मानसशास्त्र शिकवायच्या. भोळसट म्हणावं असं त्यांच्यात जवळजवळ कोणी नव्हतं. त्यांना जे आवडलं ते त्या वेळी खरोखरच आवडण्यासारखं होतं. गोम तिथेच आहे.

मैत्रिणीने वापरलेला शब्द नीट समजून घेऊ. २००२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले डेलरॉय पॉलस आणि केविन विल्यम्स यांनी तीन स्वभावविशेष एकत्र मांडले आणि त्यांना 'डार्क ट्रायड', म्हणजे काळं त्रिकूट, असं नाव दिलं. नार्सिसिझम, मॅकियाव्हेलियनिझम आणि सायकोपथी. नावं जड आहेत, माणसं मात्र आपल्या ओळखीची आहेत. पहिल्यात आत्मप्रौढी येते: मी खास आहे, तेव्हा माझी बडदास्त खासच राहिली पाहिजे. दुसऱ्यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, पाताळयंत्री. गोड बोलून, धीर धरून, समोरच्याचं प्यादं करून स्वतःचा डाव साधणारा. तिसऱ्या प्रकारच्या माणसाला माझी आजी 'कोडगा' म्हणायची. दुसऱ्याच्या रडण्याने तो हलत नाही, स्वतःच्या चुकीने शरमत नाही आणि पुढे काय होईल याची त्याला भीतीही वाटत नाही. नंतर पॉलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात चौथी भर घातली, दुसऱ्याला दुखावण्यात मिळणारी मजा. चारचौघांत बायकोचा पाणउतारा करायचा आणि तिचे डोळे भरले की "अगं, गंमत केली" म्हणायचं, हा प्रकार आठवला की ती भर का घातली ते कळेल.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. दुसऱ्याविषयीची कणव कमी आणि स्वतःच्या फायद्याची ओढ जास्त. पण हे आजार नाहीत, उंचीसारखे कमी-जास्त असणारे गुण आहेत. तुमच्यात, माझ्यातही थोडे असतात. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे वैद्यकीय निदान वेगळं. ते मनोविकारतज्ज्ञांनी समोर बसवून, वेळ घेऊन करायचं असतं. तुमच्या पत्रावरून मी ते करणार नाही आणि रील बघून तुमच्या मैत्रिणीनेही करू नये. निदान झालं काय आणि नाही झालं काय, तुम्हाला जो निर्णय घ्यायचा आहे तो त्याच्यावाचून घेता येतो.

आता, अशा माणसांची भुरळ का पडते? ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, १२८ विद्यार्थिनींना पुरुषांची स्वभाववर्णनं वाचायला दिली होती. तिन्ही काळे गुण ठासून भरलेला पुरुष त्यांना साध्या वर्णनातल्या पुरुषापेक्षा जास्त आकर्षक वाटला. हा अभ्यास हल्ली "मुलींना वाईट मुलंच आवडतात" असं म्हणायला सर्रास वापरतात आणि ते मला मुळीच पटत नाही. त्या मुलींना कोण आकर्षक वाटतो एवढंच विचारलं होतं. कोणाबरोबर संसार कराल, हे विचारलेलं नव्हतं. आकर्षण आणि निवड यांत अंतर असतं.

मला जास्त शिकवून गेला तो जर्मनीतला २०१० चा प्रयोग. मित्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना वर्गापुढे येऊन आपली ओळख करून द्यायला सांगितली. अगदी काही क्षणांची ओळख. ज्यांच्यात आत्मप्रौढी जास्त होती ते पाहताक्षणी जास्त आवडले. का आवडले तेही तपासलं: नीटनेटके उठून दिसणारे कपडे, चेहऱ्यावरचा गोडवा, चालण्या-बोलण्यातला आत्मविश्वास आणि हजरजबाबीपणा. आत्मप्रौढीचा जो पैलू पुढे सगळ्यात जास्त त्रास देतो, म्हणजे दुसऱ्याला वापरून घेणं आणि सगळ्यावर आपला हक्क समजणं, तोच पहिल्या क्षणी सगळ्यात जास्त आवडून गेला होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याकडे येऊन गेलेल्या कितीतरी जणींचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात निकोलस होल्ट्झमन आणि मायकेल स्ट्रूब यांनी याचाच दुसरा पदर उलगडला. विद्यार्थ्यांचे फोटो ते आले त्याच कपड्यांत काढले. मग सगळ्यांना सारखेच साधे कपडे घालायला लावले, मेकअप पुसायला लावला, लांब केस मागे बांधायला लावले आणि पुन्हा फोटो काढले. काळे गुण जास्त असलेली माणसं मुळात जास्त देखणी नव्हती. स्वतःला सजवून पेश करण्यात मात्र ती इतरांपेक्षा सरस होती.

आणि ही झळाळी टिकते किती? १९९८ मध्ये पॉलस यांनीच अनोळखी विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना आठवड्यातून एकदा भेटवलं. स्वतःला आहे त्यापेक्षा मोठं समजणारे पहिल्या भेटीत गटाला हुशार आणि छान वाटले. सातव्या भेटीपर्यंत त्याच लोकांचं त्यांच्याविषयीचं मत उलटलं होतं. फक्त सात भेटी.

इथे मला आपल्या कांद्यापोह्यांविषयी बोललंच पाहिजे. पाऊण तासाची भेट, समोर बशा, दोन्हीकडचे वडीलधारे, शेवटी "तुम्ही दोघं गच्चीवर जाऊन बोला" ची दहा मिनिटं. आत्मप्रौढी असलेल्या माणसासाठी याहून चांगला मंच कोणी बांधू शकणार नाही. आपण चौकशी करतो ती पगाराची, फ्लॅटच्या हप्त्यांची, पत्रिकेची, दारू-सिगारेटची. "मुलगा किती मोकळा आहे हो, लगेच आपल्यात मिसळला" हा शेरा आला की मंडळी निम्मी निश्चिंत होतात. तुमचं प्रेमाचं प्रकरण असलं तरी तुमच्या घरच्यांचं त्याच्याविषयीचं मत अशाच पाऊण-पाऊण तासांच्या भेटींतून बनलं आहे, हे लक्षात घ्या. तुमच्याकडे अडीच वर्षं आहेत, त्यांच्याकडे चार भेटी. दोन्ही मतं प्रामाणिक असतील, पण तुमची माहिती त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

एका मुलीची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. सातारा जिल्ह्यात तिच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलाने अर्ध्या तासात घर जिंकलं. तिचा धाकटा भाऊ बोलताना अडखळतो. त्याने मुलाला काहीतरी विचारायला सुरुवात केली, तशी मुलाने त्याचं वाक्य आपणच पुरं केलं, जरा अभिनय करून, आणि कोण कोण हसतंय ते मान वळवून पाहिलं. सगळे हसले. पाहुणे गेल्यावर आजी एवढंच म्हणाली, "सगळ्यांना हसवलंन, पण कोणाला काही विचारलं नाहीन." आजीचं कोणी ऐकलं नाही. ती मुलगी लग्नानंतर १४ महिन्यांनी माझ्याकडे आली तेव्हा तिला आजीचं हे वाक्य शब्दन् शब्द पाठ होतं.

आता, कळूनही परत का जातो आपण? तुम्ही दोनदा गेलात. याला कमकुवतपणा म्हणू नका. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर खूप काम केलं. चोच मारली की दरवेळी दाणा मिळायचा, अशा कबुतराचे दाणे बंद केले की ते थोड्या वेळात नाद सोडायचं. ज्याला कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या टोच्याला दाणा मिळायचा, ते दाणे पूर्ण बंद झाल्यावरही टोचत राहायचं. पुढचा टोचा दाण्याचा निघेल, ही आशा त्याला थांबू देत नाही. चार दिवसांचा अबोला आणि मग फुलं, यातही तेच घडतं. ज्याने उपाशी ठेवलं त्याच्याच हातून घास मिळाला की तो अमृतासारखा लागतो. रोज नीट वागणाऱ्या माणसाच्या फुलांना असा वास कधीच येत नाही आणि मग ते नीट वागणं आपल्याला बेचव वाटू लागतं. हा त्यातला सगळ्यात मोठा तोटा आहे, असं मी मानते.

कॅनडातल्याच डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये या बंधाला 'ट्रॉमॅटिक बाँडिंग' असं नाव दिलं. त्यांच्या मांडणीत दोन गोष्टी लागतात. दोघांतल्या एकाच्या हाती जास्त सत्ता असणं, आणि छळ व माया आलटून-पालटून मिळणं. या दोन गोष्टी असल्या की बंध घट्ट होत जातो, मग तुम्ही पदवीधर असा की निरक्षर.

याच्या जोडीला येतो तो स्वतःच्या आठवणीवरचा अविश्वास. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या, चाळिशीच्या. पर्समधून त्यांनी दोनशे पानी वही काढली, मुलांच्या शाळेची असते तसली. आत तारीख, वेळ आणि एकेक वाक्य. "१२ तारीख, रात्री साडेनऊ. म्हणाले, तुझ्या आईला बोलावू नकोस." त्याखाली दोन दिवसांनंतरची नोंद: "म्हणाले, मी असं बोललोच नाही, तुला भास होतात." बाई मला म्हणाल्या, "मॅडम, मला वेड लागलं नाही ना, एवढं बघायला मी लिहायला लागले." पानं चाळताना माझा हात थांबला तो एका कोऱ्या पानावर. नुसती तारीख होती. विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिवशी ते फार चांगले वागले. म्हटलं आजचं नको लिहायला, नाहीतर पुढचं खोटं वाटेल." मी त्यांना चांगले दिवसही लिहायला लावले. तीन महिन्यांनी त्या वहीत जे दिसलं ते कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही: प्रत्येक चांगला दिवस त्यांनी कुठे ना कुठे जायचं ठरवल्यानंतरचा होता, माहेरी, मैत्रिणीकडे किंवा वकिलाकडे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तो तसा आहे का? अबोला धरणारा प्रत्येक जण पाताळयंत्री नसतो. काहींनी घरात वडिलांना तसंच वागताना पाहिलेलं असतं, काहींना भांडण झेपत नाही, काहींना नैराश्य असतं. मी दोन गोष्टी पाहते. पहिली, अबोला सुटतो कशाने? माणूस शांत होऊन आपणहून बोलायला येतो, की तुम्ही माफी मागितल्याशिवाय किंवा निघून गेल्याशिवाय सुटतच नाही? दुसरी, साध्याशा 'नाही'चं काय होतं? "रविवारी मला यायला जमणार नाही", "हे पैसे मी देणार नाही", एवढंसं. चांगला माणूस हिरमुसतो, कुरकुरतो, क्वचित भांडतोसुद्धा, पण तुमचा 'नाही' तुमच्यापाशी राहू देतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस त्या 'नाही'ची किंमत वसूल करतो, आज नाही तर पंधरा दिवसांनी, आणि तीही अशा रीतीने की दोन्हींचा संबंध तुमच्या लक्षात येऊ नये.

"पण त्याच्याइतकं मला कोणीच ओळखलं नव्हतं" हेही तुमच्या मनात असणार, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी म्हणतात. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं वेगळं आणि ते आपल्याला आतून जाणवणं वेगळं. काळे गुण जास्त असलेल्यांत उणीव असते ती मुख्यतः आतून जाणवण्याची. एक पुरुष माझ्याकडे आपणहून आले होते, बायको सोडून गेल्यानंतर. दुसऱ्या भेटीत ते म्हणाले, "तिला नेमकं काय लागेल ते मला बोलायच्या आधीच कळतं. पण लागल्यावर मला काही होत नाही." इतक्या सरळपणे हे सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

हे पुरुषच करतात असं मात्र नाही. सायकोपथीचे गुण सरासरीने पुरुषांत जास्त आढळतात, हे खरं. पण बायकोने मित्र तोडायला लावलेले, रोज मोबाइल तपासू देणारे नवरेही मी पाहिले आहेत आणि "बाईमाणसाला काय घाबरायचं" या एका वाक्यापायी ते वर्षानुवर्षं गप्प बसतात.

लग्नानंतर बदलेल का? "लग्न झालं की सुधारतो, मूल झालं की जबाबदारी येते" हे आपल्याकडे आजही सल्ला म्हणून दिलं जातं आणि माझ्या कामातली निम्मी दुःखं या एका वाक्यातून आलेली आहेत. लग्नाने समोरच्याला सोडून जाणं अवघड होतं. म्हणजे ज्याला सत्ता हवी त्याची सत्ता वाढते. माणूस बदलूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत नेथन हडसन यांच्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांनी काही महिने ठरवून, छोट्या छोट्या कृतींतून दुसऱ्याशी जुळवून घेण्याचा सराव केला, त्यांचे काळे गुणही थोडे उतरले. पण तो सराव त्यांनी स्वतः केला होता. त्यांच्या वतीने बायकोने केलेला नव्हता. तुम्ही अडीच वर्षं त्याच्या वाटणीची मेहनत करत आहात.

आणि तुम्हालाच अशी माणसं का आवडतात? आत्मविश्वास, निर्णय घेण्याची धमक, हजरजबाबीपणा हे तुम्हाला आवडलं, त्यात चूक काहीच नाही. बाक यांच्याच गटाने पुढे आत्मप्रौढीचे दोन पदर वेगळे केले. एक कौतुक मिळवणारा, दुसरा स्पर्धा करून समोरच्याला खाली ओढणारा. पहिला भेटताक्षणी ओढ लावतो, दुसरा हळूहळू नातं पोखरतो. तुम्ही पहिल्याच्या प्रेमात पडलात, दुसरा नंतर उगवला. तरी एका गोष्टीचा विचार सावकाश करा: घरात कौतुक मोजूनमापून मिळायचं का? "तू समजूतदार आहेस, तू सांभाळून घे" हे तुम्हालाच सांगितलं जायचं का? ज्या मुलीला सांभाळून घेण्याचीच शाबासकी मिळत आली, तिला सांभाळून घ्यायला लावणारा माणूस घरच्यासारखा वाटतो. यावर कोणा समुपदेशकाबरोबर काम करता येतं आणि त्याचा उपयोग होतो.

आता बैठक. ती पुढे ढकला, निदान तीन महिने. माझ्या दृष्टीने आत्ता करण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तुमच्या नात्यातला हा मोठा 'नाही' असेल आणि त्याचं तो काय करतो ते तुम्हाला कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त सांगून जाईल. ही गोष्ट त्याला एकांतात सांगू नका, फोनवर किंवा घरच्यांच्या उपस्थितीत सांगा. तुमचे पासवर्ड, बँकेचं ॲप, लोकेशन शेअरिंग त्याआधी बघून घ्या. नातं तोडण्याच्या सुमारासच अशा माणसाचं वागणं सगळ्यात जास्त बिघडू शकतं. धमकी आली, पाठलाग झाला तर ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आहे आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही मदत करतो. आधीच लग्न झालेल्या किंवा एकत्र राहणाऱ्या ज्या मैत्रिणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही धरलेला आहे, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही तो लागू होतो. संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

आजपासून वही घाला, चांगले दिवसही लिहा. तो ती वाचू शकणार नाही अशा जागी ठेवा.

वडिलांशी बोलताना 'नार्सिसिस्ट' हा शब्द वापरू नका. त्या शब्दावर वाद होईल आणि तो वाद तुम्ही हराल, कारण त्यांनी पाहिलेला मुलगा फार गोड आहे. "बाबा, मला अजून वेळ हवाय, बैठक पुढे ढकलू या" एवढंच म्हणा. ते कारण विचारतील. तेव्हा वहीतलं एक पान त्यांना वाचून दाखवा, एकच. कुठलं, ते तुम्ही निवडा.